आजोबांचा चाकू उघडेना, कानस लावू का?

*काका, नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यातले. माझे आजोबा मुंबईला गोदीत कामाला होते. त्यांनी तिकडून आणलेला घडीचा चाकू आमच्याकडे आहे. मिटल्यावर साडेतीन इंच, शिंगाची मूठ, दोन टोकांना दोन पाती, एक मोठं, एक लहान. मोठ्या पात्याच्या बुडाशी इंग्रजीत 'जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड' असं कोरलंय, शेजारी एक चांदणी आणि एक क्रॉस. आजोबा गेल्यापासून तो फडताळातच असतो. दर खंडेनवमीला बाहेर काढून हळद-कुंकू वाहायचं, खोबरेल चोपडायचं आणि परत ठेवायचा, एवढंच.*

*यंदा माझ्या वडिलांच्या मनात आलं की पावसात कोय कलमं बांधायची ती ह्याच चाकूने. ते ७६ वर्षांचे आहेत, बोटांत संधिवात आहे. मोठं पातं उघडताना त्यांचं अंगठ्याचं नख उभं फाटलं. लहान पातं तर जागचं हलत नाही. यजमानांनी पक्कड लावून पाहिली, तर ओरखडे तेवढे पडले. शेजारचे वेल्डिंगवाले म्हणतात, मागची पट्टी कानशीने जरा घासून देतो, लोण्यासारखा उघडेल. बाबा म्हणतात, देऊन टाक. मला धीर होत नाही. काय करू?*

ताई, नमस्कार.

वेल्डिंगवाल्यांना चाकू देऊ नका. बाबांनी फारच हट्ट धरला तर दोन दिवस तांदळाच्या डब्यात लपवून ठेवा, पण कानस लागू देऊ नका. तुम्हाला धीर झाला नाही ते बरं झालं.

पट्टी घासली की चाकू खरंच लोण्यासारखा उघडेल, त्यात ते खोटं बोलत नाहीत. पण तो मिटेलही लोण्यासारखाच, आणि मिटेल तो बाबांच्या बोटांवर. मुठीच्या आत पाठीकडच्या बाजूला पोलादाची एक पट्टी असते. ती पाणी देऊन (म्हणजे तापवून-विझवून कडक करून), थोडी वाकवून, ताणातच बसवलेली असते आणि पात्याच्या बुडावर सतत दाबून राहते. बुडाच्या कडा सपाट घासलेल्या असतात. पातं मिटलेलं असलं की एक सपाट कड पट्टीला टेकते, पुरतं उघडलं की दुसरी. मधल्या वाटेत बुडाचा कोपरा पट्टीला उचलून धरतो. नखाला जो जोर लागतो तो त्या उचलण्याचा. कोपरा ओलांडला की पट्टी खाली बसते आणि खट् असा आवाज येतो. रामपुरीला असतो तसा खटका ह्याला नाही. कुलूप नाही, कडी नाही. काम करताना पातं उघडं राहतं ते निव्वळ त्या पट्टीच्या दाबावर. ती पातळ केली आणि कलमाची काडी तासताना पातं जरा तिरकं अडकलं, तर ते उलटं फिरून चार बोटांवर येईल. घासलेलं पोलाद परत भरता येत नाही.

शिवाय माझ्या मते तुमच्या पट्टीचा ह्यात काही गुन्हाच नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार चाललाय.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: दर खंडेनवमीला हळद-कुंकू वाहायचं, खोबरेल चोपडायचं आणि परत ठेवायचा. ताई, किती वर्षं? आजोबांना जाऊन तीस वर्षं झाली असतील तर तीस चिमटी हळद, तीस चिमटी कुंकू आणि वर तेल. सांध्यातली फट कागदाएवढी. तेलाने भुकटी आत ओढून घेतली, खोबरेल वर्षानुवर्षं उघड्या हवेत खवट होऊन चिकटलं, आणि पंचवीस अंशांच्या खाली ते तसंही थिजतं. तुमच्याकडची डिसेंबरातली पहाट त्याला पुरेशी आहे. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पितळेचे पातळ पत्रे असतात. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं आणि हिरवं दिसायला लागतं, तसंच इथे होतं. खवट तेलातली आम्लं पितळेतलं तांबं खातात आणि हिरवट मेणासारखं किटण तयार होतं. पातं अर्धवट उघडून उजेडात धरा आणि मुठीच्या खाचेत डोकावून पाहा. तळाशी काळसर लाल आणि कडेला हिरवं दिसलं, तर तुमचा चोर सापडला.

लाल दिसतंय ते कुंकू की गंज, ही शंका रास्त आहे. कानात घालायच्या कापसाच्या काडीने थोडं पुसून घ्या आणि त्या कापसावर लिंबाचा थेंब टाका. हळदीपासून केलेलं कुंकू असेल तर पिवळं पडेल, गंज लालच्या लाल राहील. बाजारातल्या रंगाच्या कुंकवावर हे चालणार नाही. लिंबू फक्त कापसावर, चाकूवर चुकूनसुद्धा नको, पोलाद काळं पडतं.

आता हाताने ओळखायची खूण सांगतो, कारण घट्टपणा एका जातीचा नसतो. कचऱ्याने घट्ट झालेलं पातं सगळीकडे सारखंच जड चालतं, रवा दळल्यासारखं करकरतं, अर्ध्यावर सोडलं तर तिथेच उभं राहतं आणि शेवटी खट् वाजत नाही. मुळातच जोरकस पट्टी असेल तर सुरुवातीला नाकी नऊ आणते, पण एकदा हललं की पातं स्वतःहून पुढे झेपावतं आणि खणखणीत वाजतं. पातं वाकून कडेच्या पितळेला घासत असेल तर त्याच्या अंगावर एका जागी चकचकीत पट्टा दिसतो. मग ते जाणत्या माणसाचं काम. तुमचं लहान पातं जागचं हलत नाही, म्हणजे तिथे कुंकवाबरोबर गंजही असणार. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो, त्यामुळे पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्याभोवती तो पाचरीसारखा बसतो.

तर कामाला लागू. लागणारं सामान: वाटीभर रॉकेल, जुना टूथब्रश, उदबत्तीच्या उरलेल्या बांबूच्या काड्या, जुनं सुती कापड, शिवणाच्या मशीनचं तेल. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला डब्ल्यूडी-फॉर्टीचा छोटा डबा आणा, पण तो फवारा कचरा सोडवायला, नंतरच्या वंगणासाठी नाही.

चाकूच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या असतील. शिंग सुरू होतं ते त्यांच्या पुढे. ह्या टोप्या आपल्या कामाच्या, कारण सांधा नेमका त्यांच्याच आत असतो. वाटीत अर्धा इंच रॉकेल घ्या आणि मोठ्या पात्याचं टोक खाली करून चाकू उभा ठेवा, म्हणजे टोपी बुडेल आणि शिंग कोरडं राहील. रात्रभर राहू द्या. दुसऱ्या रात्री उलटा करून लहान पात्याचं टोक. वाटी ओट्यावर नको, निरांजनाजवळ तर मुळीच नको. मागच्या पडवीत ठेवा आणि मुलांना सांगून ठेवा.

सकाळी मोठं पातं उघडायचं नाही, नुसतं हलवायचं. एक सूत वर, एक सूत खाली. रॉकेल आत-बाहेर होऊ द्या. सांध्यातून तांबडं-काळं पाणी येईल, ते कापडाने टिपा, परत दोन थेंब सोडा, परत हलवा. बांबूच्या काडीचं टोक चपटं करून खाचेच्या तळातलं किटण खरवडा. सुई नको, स्क्रू-ड्रायव्हर नको. पोलादाने पितळ सोललं जातं आणि स्क्रू-ड्रायव्हर निसटला तर जातो तो तळहातात. बांबू मऊ असतो, मोडला तर दुसरा. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. दुसऱ्या दिवशी पातं थोडं जास्त फिरेल, तिसऱ्या दिवशी बहुधा पहिल्यांदा खट् ऐकू येईल. बाबांना तो आवाज ओळखीचा असेल, त्यांना जवळ बसवा.

पातं पुरतं उघडलं की लगेच धारेवर कापड गुंडाळून वर चिकटपट्टी लावा. सफाई करताना सगळ्यात जास्त कापतं ते इथेच, कारण माणूस सांध्याकडे बघत असतो आणि धार विसरतो. सगळं स्वच्छ झालं, कोरडं झालं, की सांध्याच्या दोन्ही बाजूंना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आणि आत पट्टीच्या पाठीवर एक. वीसेक वेळा उघडमीट करा. तेल काळं होऊन बाहेर येईल. पुसा, नवा थेंब सोडा. तेल आत गेलं तसंच पांढरं बाहेर आलं की थांबा.

लहान पात्याला हाच इलाज, फक्त दिवस जास्त लागतील. दहा दिवस लागले तरी चालतील, तीस वर्षं बसलंय ते. ह्या घडणीत बहुतेक वेळा दोन्ही पाती एकाच पट्टीवर चालतात, म्हणून दोन्ही एकदम अर्धवट उघडी ठेवू नका. पट्टीवर दुहेरी ताण येतो आणि जुनी पट्टी मोडली तर नवी घालणारा माणूस शोधत फिरावं लागेल.

आणि गरम करू नका. कोणीतरी सुचवेलच, गॅसवर जरा धर, लोखंड फुगतं, सुटतं. हा मूर्खपणा मी स्वतः केलाय. टूलरूममध्ये नवीन लागलो होतो, आमच्या उस्तादांचा घडीचा चाकू असाच अडकला होता. मी शहाणपणा करून टोक ब्लोलँपवर धरलं. पात्यावर आधी गवती पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मी बघत असतानाच निळा झाला. फार सुंदर दिसत होता. साधारण तीनशे अंशांवर पोलाद निळं पडतं आणि तोवर त्याला दिलेलं पाणी उतरून गेलेलं असतं. चाकू सुटला, उघडायला लागला, आणि त्यानंतर त्याची धार एका सफरचंदापुरतीही टिकली नाही. उस्ताद काही बोलले नाहीत. तो चाकू त्यांनी माझ्याच टेबलाच्या खणात ठेवला आणि मी तिथून सुटेपर्यंत काढू दिला नाही. उकळतं पाणीही नको, शिंगाला भेगा जातात.

ज्यांच्याकडे कासवाच्या पाठीसारख्या रंगीत, चकचकीत मुठीचा जुना चाकू असेल त्यांनी एक करावं: मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्यावा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड, म्हणजे एक जुनं प्लास्टिक, कारण ते बनवतानाच त्यात कापूर घालतात. ते ज्वालाग्राही आहे, आणि जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटून शेजारची पातीसुद्धा गंजतात. असा चाकू इतरांपासून वेगळा, मोकळ्या हवेत ठेवायचा. तुमची शिंगाची मूठ आहे, तुम्हाला ही चिंता नाही.

सफाईनंतर जो घट्टपणा उरेल तो चाकूचा स्वतःचा, आणि त्याला हात लावायचा नाही. इथून पुढे बदलायची ती उघडायची पद्धत.

आपण सगळे नखाने पातं ओढतो, कारण तिथे नखासाठी खाच केलेली असते. ती तरुण नखांसाठी. बाबांनी नख वापरूच नये. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापा. तो पात्याच्या पाठीवरून दुमडून टाका, म्हणजे दोन्ही बाजूंनी रबर येईल. रबरासकट पातं डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या पेरात चिमटीत धरायचं, सांध्यापासून जितकं लांब तितकं बरं. आणि मग पातं ओढायचं नाही, ते आहे तिथे स्थिर धरायचं आणि उजव्या हाताने मूठ खाली फिरवायची. अख्ख्या पंजाची ताकद लागते, नखाची नाही. विहिरीवरचा रहाट आठवा, दोर ओढण्यापेक्षा चाक फिरवणं सोपं. पातं मुठीत इतकं खोल बसत असेल की चिमटीत येतच नाही, तर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा कापून पॉलिश पेपरवर थोडा पातळ करा आणि तो नखाच्या जागी खाचेत घाला. एवढं उचलायला तो पुरतो, पुढे रबर. रुपयाचं नाणं वापरा असं पुष्कळ लोक सांगतात. आपली नाणी स्टेनलेस स्टीलची, खाचेची कड खातात. मी सांगणार नाही.

सकाळी उठल्या उठल्या हा उद्योग नको. संधिवाताची बोटं सकाळी आखडलेली असतात. आंघोळीनंतर, कोमट पाण्याने हात शेकून झाले की करावं. आणि नख उभं जिव्हाळीपर्यंत फाटलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, शेणामातीत हात घालणाऱ्या माणसाने ते अंगावर काढू नये.

मिटताना मात्र माझं ऐकाच. जोरकस पट्टीचा चाकू उघडताना फारसा कापत नाही, मिटताना कापतो. शेवटचा एक तृतीयांश भाग आला की पट्टी पात्याला ओढून घेते आणि ते सापाच्या तोंडासारखं मिटतं. बाबांची चार बोटं त्या वेळी मुठीच्या खाचेसमोर असतात. मूठ दोन्ही कडांनी धरायची, बोटांची टोकं खाचेवर येऊ द्यायची नाहीत, आणि पात्याची पाठ पाटावर किंवा फळीवर टेकवून मूठ पुढे ढकलायची. अडकित्त्यात बोट सापडलेलं त्यांना आठवत असेलच, हे त्याहून वाईट.

आता ह्या चाकूची थोडी ओळख, म्हणजे पुन्हा कोणी कानस काढली तर तुम्हाला सांगता येईल. चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही जोसेफ रॉजर्स ह्यांची खूण, शेफिल्डच्या कारागीर-संघाने ती १६८२ साली दिलेली. आपल्याकडे तेव्हा संभाजी महाराजांच्या कारकिर्दीची सुरुवात होती. ह्या नावाच्या नकलाही बाजारात पुष्कळ होत्या, त्यामुळे मी छातीठोकपणे अस्सल म्हणणार नाही. पण सफाई झाल्यावर बुडाची दुसरी बाजू भिंगाने पाहा. मध्ये मुकुट आणि दोन्हीकडे जी आणि आर अशी अक्षरं दिसली तर ती जॉर्ज राजाची. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ आणि सहावा १९३६ ते १९५२, म्हणजे आजोबांच्या गोदीतल्या काळाशी जुळेल. व्ही आणि आर असेल तर व्हिक्टोरिया राणी, म्हणजे १९०१ च्या आधीचा, आणि मग आजोबांनी तो कोणा दुसऱ्याच्या हातून घेतलेला.

पातं काळपट निळसर दिसत असेल तर ते घासून चकचकीत करू नका. ते साधं कार्बन पोलाद आहे. शेफिल्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये स्टेनलेस पोलाद काढलं, पण जुने कारागीर आणि जुने शेतकरी कार्बनलाच चिकटून राहिले, कारण निसण्यावर दहा हात मारले की त्याला वस्तऱ्यासारखी धार येते. तो काळपट थर म्हणजे पोलादाची साय. लाल गंज तेवढा काढा, काळं राहू द्या.

आणि मुठीचं शिंग. शेफिल्डचे कारागीर मुठींसाठी सर्वात जास्त पसंत करत ते आपल्या सांबराचं शिंग, कारण ते आतून भरीव असतं. हिंदुस्थानातून ते जहाजांनी तिकडे जायचं. तेव्हा तुमच्या चाकूची मूठ इथल्याच एखाद्या रानात गळून पडलेली असण्याची बरीच शक्यता आहे: बंदरातून इंग्लंडला गेली, पातं लावून बंदरात परत आली आणि तिथून आजोबांच्या खिशात. (हाडाला खाचा पाडून शिंगासारखं केलेलं असतं तेही असू शकेल, फोटो पाठवलात तर सांगेन.) सांबर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. घरात कोणाच्या मनात चाकू विकायचं आलंच तर आधी वन खात्यात विचारा.

आता बाबांच्या कलमांचं. इथे मी बाबांच्या विरुद्ध जाणार आहे, रागावू नका म्हणावं. हा चाकू कलमाचा नाही. ह्याच्या लहान पात्याचे पूर्वज पिसांच्या लेखण्या तासायला होते, आपल्याकडे बोरू तासत तसे. धार दोन्ही बाजूंनी उतरती आहे. कोय कलमात तांबूस पालवीच्या कोवळ्या रोपाचा खुंट चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची असते, आणि त्या पाचरीचे दोन्ही काप आरशासारखे सपाट हवेत, नाहीतर साल सालीला भेटत नाही. त्यासाठी एका बाजूने सपाट घासलेलं पातं लागतं. बाबा तरबेज आहेत, त्यांना दुहेरी धारेनेही जमत असेल. पण दिवसाला शंभर रोपं बांधताना दुखऱ्या बोटांनी शंभरदा हा चाकू उघडायचा-मिटायचा, हे मला पटत नाही. कलमांसाठी न मिटणारा, एकाच बाजूने धारेचा कलमाचा चाकू घ्या. दापोलीत कृषी विद्यापीठच आहे, तिथल्या रोपवाटिकेतले लोक काय वापरतात ते बाबांनाच जाऊन बघू द्या. स्वतः निवडलेला असला की कुरकुर कमी होते.

आजोबांचा चाकू खिशात राहू द्या. सुतळी कापायला, केळीचं पान काढायला, आंब्याची फोड करायला. पहिलं कलम मात्र त्याच चाकूने बांधू द्या. एक. बाकीची नव्या चाकूने.

दुकानात कोणी तुम्हाला ओपिनेलचा लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू दाखवेल. सुंदर असतो, १८९० पासून बनतोय, पुढे १९५५ मध्ये त्याला पातं अडकवायची फिरती कडी आली. पण त्याला मागची पट्टीच नाही, पातं लाकडाच्या फटीतच दबून राहतं. तुमच्या मृगाच्या पावसात ते बीचचं लाकूड फुगेल आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल. ज्यांच्याकडे तो आधीच आहे त्यांनी कडी उघडी ठेवून मुठीची शेपटी टेबलावर ठोकावी. पातं चार सूत बाहेर येतं. त्या चाकूच्या मुलखातली, सॅव्हॉयची, ही जुनी युक्ती आहे.

राहिली खंडेनवमी. पूजा बंद करा असं मी म्हणणार नाही, आमच्या टूलरूममध्ये लेथलासुद्धा झेंडू लागायचा. चाकू मिटलेला ठेवा, खाली विड्याचं पान, कुंकवाचं बोट मधोमध शिंगावर, टोकांना नाही. अक्षता आणि हळद पानावर वाहा. दसरा झाला की कोरड्या कापडाने पुसून पात्याला मशीनच्या तेलाचा पातळ हात. फळं कापायला वापरणार असाल तर मशीनच्या तेलाऐवजी औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खोबरेल केसांना. पावसाळ्यात चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. मेणकागदात गुंडाळून तांदळात खुपसा. तसाही तो तिथे लपवलेला असेलच.

पक्कडीचे ओरखडे तसेच राहू द्या, तेलाच्या हाताने वर्षभरात बुजतील. यजमानांना सांगा, मी रागावलेलो नाही, माझा निळा चाकू त्याहून वाईट होता.

लहान पात्याच्या बुडाशीही काहीतरी कोरलेलं असतं, कधी कधी मोठ्याहून वेगळं. ते उघडलं की काय लिहिलंय ते मला कळवा.

तुमचा,
काका